येरमाळ्याची वाट आणि बांधावरचा शब्द



सोलापूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाने धाराशिव आणि येडशी मागे टाकली की गाडी बालाघाटाच्या पठारावरून धावू लागते. एका बाजूला मुरमाड माळ, दुसऱ्या बाजूला खोलगटात उतरत गेलेली काळी राने, मधून एखादा नाला आणि त्याच्या काठाने बाभळी. खरिपात इथे सोयाबीन आणि तूर दिसेल, दिवाळीनंतर ज्वारी आणि हरभरा दिसेल, आणि जिथे विहिरीला पाणी आहे तिथे उसाचा हिरवा तुकडा दिसेल. याच रस्त्यावर कळंब तालुक्यातले येरमाळा हे गाव लागते. बार्शीकडून आणि कळंबकडूनही येथे रस्ते येऊन मिळतात. त्यामुळे गाव नेहमी जागे असते. फाट्यावर चहा घेऊन पुढे जाणारे पुष्कळ असतात. आपण मात्र आज जरा उतरू, आणि गावाच्या रानात फिरून येऊ.

येरमाळ्याचे नाव महाराष्ट्रात पोचले ते येडेश्वरी देवीमुळे. गावाजवळच्या डोंगरावर देवीचे ठाणे आहे. भाविक तिला येडाई म्हणतात आणि तुळजाभवानीची धाकटी बहीण मानतात. रामचंद्र सीतेच्या शोधात वनात फिरत असताना पार्वतीने सीतेचे रूप घेतले, रामाने तिला ओळखले आणि ‘तू वेडी आहेस’ असे म्हटले, त्यावरून येडाई हे नाव पडले, अशी कथा जुनी माणसे सांगतात. चैत्री पौर्णिमेला देवीची मोठी यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून खाली येते, चुन्याच्या रानात लाखो भाविक चुनखडीचे खडे वेचतात, आणि मग पालखी आमराईत मुक्कामाला जाते. पाच दिवस आमराई माणसांनी फुलून जाते.

चुनखडी म्हटले की आमच्यासारख्या शेतीखात्यातल्या माणसाला आणखी एक गोष्ट आठवते. जे खडे भाविक भक्तीने कपाळाला लावतात, तेच खडे ज्या शेतात जास्त असतात त्या शेताचा सामू चढलेला असतो. पिकाला लोह मिळत नाही. सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा रानात माती तपासून घ्यावी, शेणखताचा हात आखडू नये, आणि लोहाची कमतरता दिसताच फेरस सल्फेटची फवारणी तज्ज्ञांना विचारून करावी. हे जाता जाता सांगितले. आजचा विषय दुसरा आहे.

यात्रेत पालखीबरोबर चालताना एक गोष्ट ध्यानात घ्या. एवढा जनसागर पिढ्यान् पिढ्या त्याच वाटेने जातो, त्याच रानात थांबतो. हा रिवाज कोणा एका मालकाने कोणा एका माणसाला दिलेल्या शब्दावर उभा नाही, तो साऱ्या मुलखाचा रिवाज आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानेही लोकांचे असे रूढीने चालत आलेले हक्क बाजूला ठेवून त्यांना धक्का लावलेला नाही. मालक बदलले, रस्ते रुंद झाले, तरी देवीची वाट देवीचीच राहिली.

पण तुमच्या माझ्या शेताची वाट देवीची नसते. तिच्यामागे लाखो माणसे चालत नाहीत. तिच्यामागे असतो एका बापाने किंवा एका भावाने बांधावर उभे राहून दिलेला शब्द. तो माणूस गेला, त्याची जमीन दुसऱ्याच्या नावावर झाली, म्हणजे त्या शब्दाचे काय होते? यावरच आज बोलू.

बालाघाटावरची एक हकीकत

नाव आणि गाव सांगत नाही. याच पट्ट्यातले एक गाव धरा. दोघा भावांची बारा एकर जमीन. वाटणी झाली तेव्हा थोरल्याला रस्त्याकडची सहा एकर आली, धाकट्याला नाल्याकडची सहा. विहीर थोरल्याच्या वाट्यात पडली. थोरला म्हणाला, ‘दक्षिणेच्या बांधाने तुझी बैलगाडी जाईल, आणि विहिरीची पाळी चार दिवस तुझी, चार दिवस माझी.’ दोघांनी काळ्या आईची शपथ घेतली. कागद झाला तो फक्त क्षेत्राचा. वाट आणि पाणी तोंडीच राहिले.

दोघे भाऊ जिवंत होते तोवर काही बिघडले नाही. बैलगाडी गेली, ट्रॅक्टर आला, तरी वाट तीच. पुढे थोरला वारला. त्याची मुले पुण्याला नोकरीला होती. त्यांनी सहा एकर एका बाहेरगावच्या गृहस्थाला विकले. खरेदीखतात ‘जमीन निर्वेध व बोजारहित आहे’ असे छापील वाक्य होते, ते तसेच राहिले. नव्या मालकाने दगडी खांब रोवले, तार ओढली आणि फाटकाला कुलूप लावले.

ते दिवस सोयाबीन काढणीचे होते. धाकट्या भावाच्या घरी तेव्हा त्याची विधवा, मुलगा आणि सून. सोयाबीन कापून गंजी घातलेली, आणि मळणी यंत्राला आत यायला वाट नाही. बायकांनी दोन दिवस डोक्यावरून ओझी नाल्यापलीकडे वाहिली. तिसऱ्या दिवशी परतीचा पाऊस आला. गंजीतले सोयाबीन काळे पडले. हाताशी आलेला हंगाम घरच्यांच्या डोळ्यांदेखत गेला.

आता नव्या मालकाचीही बाजू ऐका. त्याने रोख पैसे मोजले. सातबारा पाहिला, त्यावर वाटेची नोंद नव्हती, विहिरीतल्या हिश्श्याची नोंद नव्हती. विकणाऱ्या मुलांनी काही सांगितले नाही. कदाचित त्यांनाही नीट माहिती नसेल. तो म्हणाला, ‘तुमच्या दिराने शब्द दिला असेल. मी दिलेला नाही.’ हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. आज गावोगाव हेच वाक्य ऐकू येते.

त्या कुटुंबाने एक गोष्ट वेळेवर केली. अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली दावा लावला. सहा महिन्यांची ही मुदत उलटली तर या कायद्याखाली दाद मागता येत नाही. जागेची पाहणी झाली. शेजारच्या शेतकऱ्यांनी जबाब दिले. बांधाकडेची चाकोरी अजून स्पष्ट दिसत होती. वाट मोकळी झाली. विहिरीच्या पाळीचा मात्र कागद कोणाकडेच नव्हता. शेवटी गावातल्या जाणत्या माणसांनी दोघांना बसवले आणि समझोता झाला. या वेळी तो लिहून काढून दुय्यम निबंधकाकडे नोंदवला. हंगाम मात्र परत आला नाही, आणि पुण्याच्या चुलतभावांशी बोलणे आजही नाही.

परवानगी वेगळी, हक्क वेगळा

या हकीकतीतून कायद्याचा धागा उलगडून पाहू. ‘आम्ही वर्षानुवर्षे इथूनच जातो’ असे आपण म्हणतो, पण कायदा विचारतो, कशाच्या आधारावर जाता?

पहिला प्रकार परवानगीचा. शेजारी म्हणाला, ‘जा बाबा माझ्या शेतातून.’ हा त्याचा चांगुलपणा. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे परवानगी देणाऱ्याने जमीन दुसऱ्याला दिली, तर ती परवानगी नव्या मालकाला बांधत नाही. आणि परवानगीने कितीही वर्षे गेलात तरी त्याचा हक्क होत नाही.

दुसरा प्रकार हक्काचा. यालाच आपण वहिवाट म्हणतो आणि कायदा सुविधाधिकार म्हणतो. हा हक्क माणसाला चिकटत नाही, जमिनीला चिकटतो. जमीन विकली की तो तिच्याबरोबर जातो, आणि ज्या जमिनीवरून तो जातो ती विकली तरी तो मरत नाही. असा हक्क लेखी देता येतो. कोणाची परवानगी न मागता, उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून २० वर्षे अखंड वापर झाला तरी तो मिळतो. सरकारी जमिनीवर हीच मुदत ३० वर्षांची आहे. आणि वाटणीत तर कायदा आणखी उदार आहे. कलम १३ सांगते की सामाईक मिळकतीची वाटणी झाली आणि एकाच्या वाट्याचा उपभोग घ्यायला दुसऱ्याच्या वाट्यावरून हक्क असणे गरजेचेच असेल, तर तो हक्क त्याला मिळतो. वरच्या हकीकतीत धाकट्याची वाट ही थोरल्याची मेहरबानी नव्हती. ती वाटणीतूनच जन्मलेली होती. पण हे सिद्ध करायला धावाधाव करावी लागली, कारण कागदावर एक ओळ नव्हती.

तिसरा प्रकार नकाराच्या वचनाचा. ‘या तुकड्यात मी घर बांधणार नाही’, ‘तुझ्या विहिरीशेजारी मी दुसरी विहीर पाडणार नाही’, ‘बांधाला लागून निलगिरी लावणार नाही’ अशी ही वचने. यांचा विचार मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ४० मध्ये आहे. आपल्या जमिनीच्या चांगल्या उपभोगासाठी शेजाऱ्याच्या जमिनीचा विशिष्ट वापर रोखण्याचा हक्क तुम्हाला असेल, तर तो हक्क माहीत असताना जमीन घेणाऱ्यावर तो चालतो. फुकट, म्हणजे बक्षिसाने घेणाऱ्यावरही चालतो. पण पैसे मोजून, काही माहीत नसताना घेणाऱ्यावर चालत नाही. त्याच कलमाखाली सुलतानपूरचे उदाहरण दिले आहे. एकाने सुलतानपूर दुसऱ्याला विकण्याचा करार केला आणि करार कायम असतानाच तेच तिसऱ्याला विकले. तिसऱ्याला करार ठाऊक होता. तेव्हा दुसरा माणूस तिसऱ्याकडूनही तो करार पुरा करून घेऊ शकतो.

या विचाराचे मूळ विलायतेत आहे. लंडनमध्ये लेस्टर चौक नावाची जागा आहे. १८०८ साली टल्क नावाच्या मालकाने चौकातली बाग विकली आणि घेणाऱ्याकडून लिहून घेतले की ही बाग मोकळी ठेवायची, तिच्यावर इमारत उठवायची नाही. बाग हातोहात विकली जात मॉक्सहे नावाच्या माणसाकडे आली. त्याला अट माहीत होती, तरी तो म्हणाला, ‘मी कुठे शब्द दिला होता?’ १८४८ साली न्यायाधीश लॉर्ड कॉटनहॅम यांनी निकाल दिला की अट माहीत असून घेतलेल्या माणसाने ती पाळलीच पाहिजे. अटीमुळे जमीन स्वस्तात घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी अट झुगारून महाग विकायची, हा न्याय नव्हे. बालाघाटावरचा गृहस्थ आणि लंडनचा मॉक्सहे, दोघांचे वाक्य एकच. फरक एवढाच की मॉक्सहेला अट माहीत होती.

‘माहीत असणे’ याचाही अर्थ समजून घ्या. नोंदलेला दस्त म्हणजे माहिती. जमिनीवर कोणाचा प्रत्यक्ष ताबा असेल तर तीही माहिती. आणि डोळे उघडे ठेवून चौकशी केली असती तर जे कळले असते, त्याकडे मुद्दाम पाठ फिरवली, तरी कायदा ती माहितीच समजतो. शेतात गाडीची चाकोरी स्पष्ट दिसत असेल, तर ‘मला काय ठाऊक’ म्हणणे सोपे नाही.

एक मर्यादाही सांगतो. ‘ही जमीन कधीच कोणाला विकायची नाही’ अशी सरसकट अट खरेदीखतात घातली तर कलम १० प्रमाणे ती निरर्थक ठरते. तसेच ‘दरवर्षी पाट मीच साफ करीन, खर्च मीच करीन’ असे काही करण्याचे वचन नव्या मालकाच्या गळ्यात सहसा पडत नाही. ‘करणार नाही’ हे वचन जमिनीबरोबर चालू शकते. ‘करीन’ हे वचन बहुधा देणाऱ्यापाशीच थांबते.

गावाने दिलेला शब्द

आता जरा येरमाळ्याबाहेर नजर टाकू. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी देवस्थानाची सुमारे ४० एकर उजाड जमीन भाडेपट्ट्याने घेऊन पाणलोटाचे काम केले आणि त्यातून १९७४ च्या सुमारास पाणी पंचायत उभी राहिली. त्यांचे नियम अभ्यासण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचे, माणशी अर्धा एकर. उसासारखे बारमाही पिके घ्यायची नाहीत. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाण्याचा हक्क जमिनीला बांधलेला नाही. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जात नाही, ते पंचायतीकडे परत येते. वहिवाट जमिनीबरोबर चालावी यासाठी आपण धडपडतो, तर पाणी पंचायतीने पाणी जमिनीबरोबर चालू नये अशी तजवीज केली. दोन्हींचे मर्म एकच आहे. नवा मालक येण्याआधीच ठरवून ठेवा की काय जाईल आणि काय राहील.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, जमीन बाहेरच्याला विकायची नाही, असे ठरवले. विक्रीबंदीचा असा ठराव कोर्टात टिकेल की नाही हा वेगळा प्रश्न. तो टिकला तो गावाच्या एकीवर. जिथे एकी नाही तिथे कागदच लागतो.

मराठवाड्यात आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात होता. देवळे, दर्गे आणि मशिदींच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनी इथे आहेत. कोणा पूर्वजाने देवाच्या दिवाबत्तीसाठी दिलेली जमीन आज कोणाच्याही ताब्यात असली तरी ती अट तिच्यावर आहेच, आणि परवानगीवाचून तिची विक्री होत नाही. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसले की तिथेच थांबा आणि विचारा.

याच पठारावर आता पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांच्यासाठी जमिनीचे दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे होतात, रस्ते होतात, तारा जातात. असा नोंदलेला भाडेपट्टा तुमच्या मुलालाही बांधतो आणि तुमच्याकडून जमीन घेणाऱ्यालाही बांधतो. सही करण्यापूर्वी मुदत, रस्त्याची रुंदी, मुदत संपल्यावर पाया कोणी काढायचा, हे वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्या लेकीला शेजारी बसवा.

मग करावे काय?

वाटणी करत असाल तर वाटणीपत्रात क्षेत्राबरोबर वाट लिहा. कोणत्या गटातून, कोणत्या बांधाने, किती फूट रुंद, बैलगाडी, ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र सर्वांसाठी. विहिरीतला हिस्सा, पाण्याची पाळी, पाईपलाईन पुरली असेल तर ती कोठून जाते, दुरुस्तीसाठी उकरायचा हक्क, विजेच्या मोटारीची जागा, हे सारे लिहा. पत्र नोंदवा. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरील नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला आहे. आता खर्चाचे निमित्त उरलेले नाही.

नोंदणीनंतर फेरफार घालून घ्या, आणि सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात वाट आणि विहिरीचा हिस्सा आला की नाही हे स्वतः पाहा. शेतरस्ते किमान ३ ते ४ मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद इतर हक्कांत व्हावी, असे महसूल खात्याने मे २०२५ मध्ये ठरवले आहे. या संधीचा फायदा घ्या.

जमीन विकत घेत असाल तर सातबाऱ्यावर थांबू नका. गावनकाशा पाहा. त्यावर पायवाट एकेरी तुटक रेषेने आणि गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. मग शेतात चारी बांधांनी चालून या. चाकोरी, पाट, पाईप, दुसऱ्याची मोटार दिसली तर विचारा. लगतच्या चार शेतकऱ्यांशी बोला. ज्याच्याकडून जमीन घेता त्याच्यापेक्षा ज्याच्या शेजारी राहायचे आहे त्याचा शब्द जास्त मोलाचा.

जमीन विकत असाल तर बापाने दिलेला शब्द खरेदीखतात उतरवा. किंमत थोडी कमी येईल. पण बापाचा शब्द विकून आलेले पैसे पचत नाहीत, असे आपल्याकडे म्हातारी माणसे सांगतात ते उगीच नाही.

आणि वाटच नसेल, कधी नव्हतीच, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मिळण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. दुसऱ्याच्या जमिनीतून पाण्याचा पाट नेण्यासाठी कलम ४९ आहे. पण भांडण तापल्यावर अर्ज करण्यापेक्षा घरातली वडील माणसे बसती-उठती आहेत, तोवर त्यांना विचारून लिहून घेणे शहाणपणाचे. कोणती वाट परवानगीची आणि कोणती हक्काची, कोणत्या विहिरीत कोणाचा किती वाटा, हे आज त्यांनाच ठाऊक आहे. उद्या ते सांगायला कोणी नसेल.

पुढच्या चैत्रात येरमाळ्याला याल तेव्हा चुनखडीचे पाच खडे अवश्य वेचा. घरी परतल्यावर मात्र देव्हाऱ्यापाशी खडे ठेवून झाले की सातबारा काढा आणि ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. तो कोरा असेल आणि तुमची बैलगाडी रोज दुसऱ्याच्या बांधाने जात असेल, तर त्याच आठवड्यात भाऊबंदांना चहाला बोलवा आणि कागद करा.